कडता

गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर,
ओठावर फेसाची मिशी घेऊन
स्वरांगी खोत विचारते,
"ताई, सायकॉलॉजी घेऊ का गं? खरं सांग."

खरं सांगायचं तर आज चार तारीख आहे.
उद्या बँक खात्यात हात घालणार,
आणि पगार दहाला.
पाच आणि दहाच्या मध्ये माझ्या महिन्यात
एक खड्डा आहे,
माहीत असून चाक जातंच.
त्याचा दर पाचशे नव्वद, प्रत्येक आदळण्याला.

आकडे घे लिहून.
पुण्यातली दोन वर्षं, हॉस्टेल, मेस धरून
सात लाख चाळीस हजार.
मी शिकत होते तेव्हा व्याजही शिकत होतं,
माझ्यापेक्षा हुशार निघालं.
हप्ता अकरा हजार चारशे, दहा वर्षं.
नागाळा पार्कातल्या शाळेत समुपदेशक, पगार सोळा,
मे महिना बिनपगारी.
शनिवारी एका दवाखान्यात बुद्ध्यांकाच्या चाचण्या,
नगाला तीनशे.
नगाला म्हणजे मुलाला.

चुलतभाऊ संग्राम आयटीआय करून
एकोणिसाव्या वर्षी शिरोलीत सीएनसीवर लागला.
आता अठ्ठावीस हजार, वर ओव्हरटाइम.
रात्री अकराला त्याचा मेसेज येतो,
"दीदे, झोप लागंना झालीया. फुकटात सांगशील काय?"
सांगते.

बापू मार्केट यार्डात मापाडी.
गुळाचे रवे काट्यावर चढतात, उतरतात,
बापूंचे डोळे काट्यावर.
कर्जाच्या कागदावर सही करताना
त्यांनी पेन दोनदा झटकलं, चांगलं चालत असताना.
तेव्हापासून काही विचारलं नाही.
एकदाच, जेवताना, ताटाकडे बघत,
"तुझ्या हिशेबात कडता धरलायस न्हवं?"

कडता म्हणजे गोणपाट, ओल, चिकटलेला कागद,
जे काट्यावर चढतं पण गूळ नसतं.
दमट हवेत रवा पाझरतो,
सकाळचं वजन संध्याकाळी भरत नाही;
किती गेलं ते बापू नजरेनं सांगतात.

त्या रात्री मी वही घेऊन बसले.
सात चाळीसमधून काय वजा करू?
दुसऱ्या सेमिस्टरला एका पानावर कळलं,
घरी आम्ही ज्याला 'आईचं भ्या' म्हणायचो,
दार लावून छाती धरून बसणं,
त्याला नाव आहे. त्याला उपाय आहे.
ते पान किती रुपयांचं?

पण असं म्हणून मी तुला फसवीन, स्वरांगी.
ते पान इथल्या विद्यापीठातही होतं,
पावपट फीमध्ये.
मला तेव्हा पुणं हवं होतं.
हा माझा कडता, आणि तो मी
गुळाच्या भावानं घेतला.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगत नाही.
शाळेत एक मुलगा आहे.
सात आठवडे माझ्या खोलीत येऊन
तो नुसता खडू मोडत बसला.
आठव्या आठवड्यात माझा फोन वाजला. बँक.
मी पालथा ठेवला.
तो म्हणाला, "राहू दे मॅडम.
आमचे पप्पा पण उचलत नाहीत."
मग बोलत राहिला, घंटा होऊन गेली तरी.
पगाराला तासांनी भागलं तर
त्या तासाचे मला मिळाले चौऱ्याण्णव रुपये.
हे कुणाला सांगायचं नसतं.
त्याचीच तर पदवी आहे.

"मग? घेऊ की नको?"
तिच्या ग्लासातला फेस बसलाय.
दूध दिसलं त्यापेक्षा कमी होतं,
पण होतं.
"आधी इथली फी विचारून ये," मी म्हणते,
"आणि मग बापूंकडे जा. माझ्याकडे नको."

दुधाचे पैसे मी देते.
ती नको नको म्हणते, पर्स उघडते,
मी तिचा हात धरते.
कमावती मी आहे ना.