वाटा

बाणेरच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर
एक वाक्य आलं माझ्याकडे, मराठी करायला.
बटणावर मावलं पाहिजे. मर्यादा वीस अक्षरं.

मी आधी लिहिलं होतं,
‘एका वेळी एकालाच, एकाच पत्त्यावर,
आमची मर्जी असेतो खेळू द्या.’
रेवती तुळपुळे हसली. म्हणाली,
खरंय रे, पण जरा उबदार कर.
मग मी लिहिलं :
तुमचे गेम्स कुटुंबासोबत वाटा.
उबदार झालं. मावलंही.

अटी वेगळ्या फाइलमध्ये होत्या,
वेगळ्या माणसाकडे. तो नांदेडला असतो म्हणे,
शब्दामागे दीड रुपया घेतो.
आमची कधी गाठ पडली नाही.
वचन मी दिलं, मोडलं त्यानं,
आणि दोघांच्याही हाताला काही लागलं नाही.

शनिवारी कैवल्य येतो, धनकवडीहून, आईकडून.
ब्रश तिकडचा आणतो,
इथे एक असतो तरी.
वारज्याच्या या दीड खोलीत
त्यानं टीव्हीला कन्सोल जोडला, नाव टाकलं.
समुद्राच्या तळाशी सहा महिने
पोवळ्यांचं घर बांधतोय तो.
जिना राहिलाय फक्त.

पडद्यावर आलं, माझ्याच वळणाच्या मराठीत :
‘आपण सध्या दुसऱ्या कुटुंबात आहात.
या कुटुंबात आल्यास पुढील बदल
एका वर्षानंतर करता येईल.’

मराठी वाचन कच्चं आहे त्याचं.
मोठ्यानं वाचत गेला, जोडाक्षरं फोडत,
आणि ‘कुटुंबात’ दोनदा वाचलं,
पहिल्यांदा चुकला म्हणून.

मी म्हटलं, अरे, पण तो गेम मी घेतलाय.
तुझ्या वाढदिवसाला. अठराशे रुपये.
बटणावर ‘खरेदी करा’ लिहिलेलं होतं.
(ते कुणी मराठी केलं, विचारू नका.)

कर्वेनगरात घाटपांड्यांचं वाचनालय होतं.
दारावर खडूनं लिहिलेलं असे :
‘पुस्तक आमचे आहे. आठ दिवसांनी आणून द्यावे.
शेजाऱ्यांस देऊ नये. तरी तुम्ही देणारच,
तर त्यांना हात धुवायला सांगावे.’
घाटपांडे कधी हसल्याचं आठवत नाही.
पण पुस्तक कुणाचं, हे नववीतल्या पोरालाही कळायचं,
आणि शेजारचा सुहृद
तेच पुस्तक गच्चीत वाचायचा, माझ्या आधी.

शब्दकोशात बघितलंय मी.
वाटणे : हिस्से करून देणे.
वाटणे : पाट्यावर बारीक करणे.
वाटणे : भास होणे.
म्हणजे खोटं काही लिहिलं नव्हतं.
तिसरा अर्थ लिहिला होता.

कैवल्यनं टीव्ही बंद केला.
रडला वगैरे नाही. अकरा वर्षांचा आहे.
म्हणाला, बाबा, पत्ते आहेत का तुझ्याकडे?

होते. ड्रॉवरमध्ये, रबर लावलेले.
मोजले तर एक्कावन्न.
गायब नेमकी बदाम सत्ती,
जिच्यावाचून डाव सुरूच होत नाही.
त्यानं माझं व्हिजिटिंग कार्ड घेतलं,
‘भाषा सल्लागार’च्या मागच्या कोऱ्या बाजूवर
बॉलपेननं सात बदाम काढले,
शेवटचा जरा चेपलेला.

वाट आता, म्हणाला.

सव्वीस त्याला. सव्वीस मला.
ते कार्ड त्याच्याकडे गेलं.