वरच्या मजल्यावरून

क्लीव्हलंडमध्ये जानेवारीत पहाटे साडेचारला
शाळेची बस सुरू करायची म्हणजे
आधी तिची मनधरणी करावी लागते.
त्यामुळे मी नऊला झोपते.
म्हणजे झोपायचे,
वर लेरॉन्ट राहायला येईपर्यंत.

पहिल्या रात्री ड्रम आला. नुसता ड्रम,
कपाटातल्या बश्या किणकिणवणारा.
दुसऱ्या रात्री कुठल्याशा जुन्या तबकडीतून
कापून आणलेला एका बाईचा श्वास.
गाणं नाही, गाण्याआधीचा श्वास फक्त,
पुन्हा, पुन्हा, पुन्हा,
जणू ती जन्मभर गायला उभी आहे
आणि कुणी तिला सुरूच करू देत नाही.

मी झाडूचा दांडा उचलला,
छतावर दोनदा आपटला.
वर सगळं गप्प.
आणि मलाच चुकल्यासारखं झालं.

कारण मी काही परकी नाही या घराण्यात.
चौदा वर्षांची होते तेव्हा रेडिओसमोर
बटणावर बोट ठेवून बसायचे,
निवेदकाची बडबड संपते आणि ठेका पडतो
तेवढ्या फटीत कॅसेट फिरवायला.
आई म्हणायची, ही कसली गाणी, नुसती भांडणं.
मी म्हणायचे, हो, पण तू यमकात भांडून दाखव.

आता ऐकू येऊ लागलं
ते मात्र कुठल्याच कॅसेटवर नव्हतं.
एकच ओळ. अकरा रात्री.
बापाच्या कोटात अजून त्याचे खांदे आहेत.
कधी 'खांदे' तालाच्या पुढे पळायचे,
कधी 'अजून' मागे रेंगाळायचं
आणि सम हुकायची.
बापाच्या कोटात अजून तंबाखू आहे.
बापाच्या कोटात मी मावत नाही.
मग शिवी. खुर्ची सरकते. नळ वाहतो.
मग परत तीच बाई, तोच श्वास.

मी ती ओळ जिभेवर घोळवत बस चालवायचे,
युक्लिड अव्हेन्यूच्या सिग्नलला, वायपरच्या लयीत,
मागे चाळीस पोरं एकमेकांच्या टोप्या फेकत असताना.
मला वाटे, 'मावत नाही'च बरोबर आहे.
वाटे, जिन्यात गाठावं आणि सांगून टाकावं.
जिन्यात तो भेटला तेव्हा
हातात दुधाचा कॅन, डोळे सुजलेले.
मी म्हणाले, "कचऱ्याची गाडी गुरुवारी येते."

लोकांना वाटतं, तोंडाला येईल ते बरळतात.
अहो, मी ऐकलंय.
एक 'अजून' जागेवर बसवायला
त्या पोरानं अख्खा फेब्रुवारी घातला.

मार्चमध्ये आवाज बंद.
एक रात्र, दोन रात्री. बश्या जागच्या जागी.
तिसऱ्या रात्री मी पंखा लावून पाहिला,
भर थंडीत, काहीतरी फिरावं म्हणून.
शेवटी झाडू घेतला.
दोनदा.
बराच वेळ काही नाही.
मग वरून टाच वाजली. दोनदा.
आणि ड्रम.

ऑगस्टमध्ये तो एक गादी, दोन स्पीकर घेऊन गेला.
आता वर राहतं ते जोडपं मोजे घालून चालतं.
रेकॉर्ड सप्टेंबरात आली. भाचा म्हणाला, बीट जबरदस्त आहे.
मी चार वेळा ऐकली, ओळ शोधत.
खांदे नाहीत, तंबाखू नाही,
कोटच नाही.
फक्त तिसऱ्या कडव्यानंतर
तो चार मात्रा काहीच बोलत नाही,
ती बाई श्वास घेते,
आणि तो पुढे जातो.

बसमध्ये ती जागा आली की
मी हळूच म्हणते, मावत नाही.
मागच्या सीटवरची ओडेसा, वय सात, पुढे वाकते:
"काय मावत नाही?"
खाली बस, मी म्हणते,
वळण येतंय.