तिसरी रांग

शनिवारी सकाळी, भांडुपच्या शोरूममध्ये,
एसी इतका की भाऊंनी मफलर मागितला
आणि मकरंदने डोळ्यांनीच मला सांगितलं, झाली सुरुवात.

गाडी गोल चबुतऱ्यावर. रंग राखाडी,
त्यालाही कसल्याशा समुद्राचं नाव.
जयदीप नावाचा मुलगा, गळ्यात निळी फीत,
म्हणाला, सर, ही क्रॉसओव्हर,
दिसायला जीप, बसायला दिवाणखाना.
आणि चालायला? भाऊंनी विचारलं.

सात माणसं, असं तो तीनदा म्हणाला.
मी एकवीस वर्षं ब्लाउज शिवते.
माणूस सांगतो किती आणि असतो किती
या फरकावरच माझं घर चाललंय.
पर्समधली टेप काढली, वाकून तिसऱ्या रांगेत शिरले,
गुडघ्यापासून पुढच्या पाठीपर्यंत धरली.
साडेपाच इंच.
मॅडम, मधली रांग पुढे सरकते ना.
सरकवली. नऊ झाले.
पण ते साडेतीन आले कुठून?
आईच्या गुडघ्यांतून,
ज्यातला डावा मागच्याच वर्षी बदललाय.

डिकीत वॉकर मावतो किंवा तांदळाची गोण,
दोन्ही नाही.
तिसरी रांग पाडली तर दोन्ही मावतात,
मग ओवी आणि मी रिक्षाने यायचं.

एअरबॅग सहा. यावर मात्र मी गप्प बसले.
आमच्या व्हॅनला एकही नाही,
तिला नाकच नाही पुढे,
ठोकर बसली तर आधी आपले गुडघे पोचतात.
इंजिन सीटखाली. मे महिन्यात
भाऊंची मांडी भाजून निघायची,
ते खाली ओलं गोणपाट घालून बसायचे
आणि मुलांना सांगायचे, आज इडल्या आहेत.

मकरंदने पार्किंगचं काढलं.
सोसायटीत गाड्यांचा तो लोखंडी पाळणा,
आमच्या वाट्याला वरचा खण,
सेक्रेटरी गोगट्यांनी लाल रंगात लिहिलेली उंची.
जयदीपने मोबाइलवर बघितलं, परत बघितलं.
चार बोटं जास्त होती गाडी.
टायरमधली हवा कमी केली तर, असं मकरंद म्हणाला
आणि स्वतःच हसला.

इतका वेळ भाऊ गाडीभोवती फिरत होते.
मग त्यांनी मागच्या दाराची मूठ धरली
आणि दार मागे सरकवलं.
सरकलं नाही.
परत सरकवलं.
सर, आपल्याकडे ओढायचं.
भाऊंनी हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा.
मग शेजारच्या रिक्षाला लागणार, म्हणाले.
गाढव नाक्यावर एका अंगाला बेस्ट,
दुसऱ्या अंगाला केळ्यांची गाडी,
मध्ये हातभर जागा, त्यात अकरा पोरं उतरवायची.
उघडून दाखव हे दार तिथे.

जयदीपने दाखवलं नाही. त्याने चहा मागवला.

भाऊ कप घेऊन तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.
बावीस वर्षं गाडी चालवली,
मागे कधी बसले नव्हते.
गुडघे हनुवटीला, कप गुडघ्यावर.
बराच वेळ पुढे बघत होते.
इथून रस्ता दिसत नाही गं, म्हणाले,
नुसती डोकी दिसतात.
आणि सवयीने मोजलीही असणार,
ओठ हलत होते.

टोकन दिलं नाही. विचार करून कळवतो, म्हणालो.
जयदीप बाहेरपर्यंत सोडायला आला.
भिंतीला लागून आमची व्हॅन, पाटी अजून पिवळी,
शाळेचं नाव खरवडलेलं, तरी वाचता येणारं.
आई चढली. दार ओढलं तर नेहमीसारखं
अर्ध्यावर अडकलं, जिथे रूळ गंजलाय.
मी भाऊंची वाट बघत होते,
त्याला कुठे लाथ घालायची ते त्यांनाच ठाऊक.

जयदीपने पॉलिश केलेल्या बुटाचं टोक
खालच्या डाव्या कोपऱ्यात हलकेच मारलं.
दार सर्रकन लागलं.

भाऊंनी चावी फिरवली नाही.
खिडकीची काच खाली घेतली, मान बाहेर काढली.
तुझं आडनाव काय रे? ते म्हणाले.