रांगेतली पाच कामं

कर्कॉडी. लिहिताना मधे एक 'ल' येतो,
बोलताना तो कुणीच घेत नाही.
सहा वर्षं झाली इथं, मी अजून चुकून घेते,
आणि बसवाला मला हसून सोडून देतो.

शनिवारी मॉराग म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाली ना?"
मी हॉस्पिटलात रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावते.
पण नाही म्हणायच्या आत किल्ली हातात.

टेकडीच्या उतारावर भाजीचे बेचाळीस वाफे,
त्यांच्या कडेला सोसायटीचं लाकडी खोपट.
आत रॉकेलचा वास, कांद्याच्या जाळ्या,
आणि एक काळा कॉम्प्युटर, ज्यावरून लॉकलन गेडिसनं
विंडोज पुसून लिनक्स घातलं होतं.
फुकट मिळालेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास होता.
विकतच्यांना तो आधी उघडून बघायचा.

राउटर ऑक्टोबरात बदलला.
लॉकलन फेब्रुवारीत गेला.
प्रिंटर तेव्हापासून गप्प.

दोघांत अंतर हातभर.
पण निरोप जाणार आधी भिंतीवरच्या राउटरकडे,
तिथून माघारी इथं.
काखेत कळसा नि गावाला वळसा,
मी मोठ्यानं म्हटलं. मॉरागनं विचारलं, काय?
मी म्हटलं, काही नाही, नेटवर्क.

बटण दाबून धरलं तेव्हा प्रिंटरनं
आपली कुंडली छापून दिली. तळाला पत्ता:
चार आकडे, मधे टिंबं, शेवटचा सत्तेचाळीस.
कॉम्प्युटर अजून बाविसाचं दार वाजवत होता,
बिऱ्हाड हललं तरी जुन्याच उंबऱ्यावर
पेपर टाकणाऱ्या पोरासारखा.

पत्ता बदलायचा तर पासवर्ड.
"बटाटा असेल बघ," मॉराग म्हणाली.
किंग एडवर्ड नाही.
मॅरिस पायपर नाही.
केर्स पिंक, मधे जागा न सोडता.
उघडलं.
मॉराग खिडकीकडे वळून बराच वेळ
कोबीकडे बघत राहिली.

एलपीस्टॅट टाइप केलं.
रांग: थांबलेली.
कामं: पाच.
पाठवणारा: लॉकलन.

पुसून टाकता आली असती. एका ओळीचं काम.
मी बावीस खोडून सत्तेचाळीस लिहिलं,
रांगेला म्हटलं, हं, चला.

प्रिंटर खोकला. आतलं काहीतरी
इकडून तिकडे सरकलं, जसं कुणी झोपेतून उठून
चष्मा शोधतं.
मग पहिला कागद:
"नऊ नंबरच्या वाफ्यावरून ढकलगाडी नेणाऱ्यानं
ती आणून ठेवावी. मी नाव विचारणार नाही. लॉ. गे."
दुसरा कागद: तेच.
तिसरा: तेच, फक्त अक्षरं मोठी.

उत्तर आलं नाही की माणूस तेच पुन्हा पाठवतो.
मी आईला पाठवते. एक टिक, एक टिक,
मग तीच ओळ परत, जणू पहिलीत काही कमी होतं.

चौथा: बियाण्याच्या बटाट्यांची यादी, कुणाला किती किलो.
मॉरागपुढे तीन, आणि कंसात, "चार मागेल. देऊ नये."
ती हसली, तिथंच नाक पुसलं.

पाचवं चाचणीचं पान होतं.
रंगांचे पट्टे, कडेला मापाच्या रेघा,
निळा जरा फिका.
म्हणजे शेवटी त्यालाही कळलं होतं
की चूक मजकुरात नाही.

मॉरागनं तिसरा कागद दारावर टाचला.
मी म्हटलं, तारीख ऑक्टोबरची आहे.
"ढकलगाडीही ऑक्टोबरपासूनच नाही," ती म्हणाली.

निघण्याआधी मी राउटरला बजावलं,
सत्तेचाळीस नंबर याच प्रिंटरचा,
दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.
असं बजावता येतं. एक चौकोन असतो, त्यात खूण करायची.

गुरुवारी हॉस्पिटलातून येताना वर गेले.
खोपटाच्या भिंतीला टेकून ढकलगाडी उभी.
धुतलेली. चाकात हवा भरलेली.
दारावरचा कागद मात्र कुणीतरी नेला होता,
चार टाचण्या तशाच ठेवून.