पिशवी

काढून टाकली, आईला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, पिशवी?
आपल्याकडे असंच म्हणतात.
जशी काही दळणाला नेली होती
आणि गिरणीवरच विसरून आले.

डंडीच्या हॉस्पिटलात सर्जनबाईंनी
पेनाने काढून दाखवली आधी:
उलटी टांगलेली नासपती, आत गाठी.
सोळा आठवड्यांच्या गर्भाएवढी झालीय, म्हणाल्या.
आठवड्यांतच का मोजता, मी विचारलं नाही.
माझं एक मोजणं अकराव्या आठवड्यात थांबलेलं,
सतरा वर्षांपूर्वी.
ते फाइलीत होतं. एक ओळ, तारखेसकट.
मग सही केली.
फार वळणदार आली,
नव्या वहीवर नाव घालतात तशी.

शुद्धीवर आले तर खिडकीबाहेर कावळा.
लहानपणी आई कोपऱ्यात बसली की
आत्या सांगायची, तिला कावळा शिवलाय.
मी आईच्या पाठीवर चोचीची खूण शोधायचे.
हा इथला, टे नदीवरच्या वाऱ्याने पिसं विस्कटलेला.
काचेवर टकटक करून पाहिलं त्याने.
म्हटलं, बाबा रे, उशीर केलास.
हसले, आणि टाके ओढले गेले.
आयली नावाची नर्स आली धावत,
पोटाशी उशी धर, म्हणाली,
हसताना, खोकताना, रडताना.
तिन्हीला एकच उशी.

सहा आठवडे किटली अर्धीच भरायची.
पुस्तिकेत आहे, चित्रासकट.
आईला वाचून दाखवलं.
ती बीडकडे नर्स होती पंचवीस वर्षं.
जरा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, सिंधूबाई आठवते का तुला?
ऊसतोडीला जायच्या आधी काढून घेतली तिने.
अठ्ठाविसाव्या वर्षी. खाडा पडायला नको म्हणून.
पंधराव्या दिवशी डोक्यावर मोळी.
माझ्या हातात अर्धी किटली होती.
ती मी खाली ठेवली.

गेलं त्यातलं पुष्कळ बरंच झालं.
लोहाच्या गोळ्या गेल्या, गादीवरचा जुना टॉवेल गेला,
मीटिंगमधून उठताना
खुर्चीकडे वळून बघणं गेलं.
पण रात्री तीनला अंगातून वाफ निघते.
अंडाशयं ठेवलीत, म्हणाल्या होत्या.
ती रुसलीत बहुतेक,
शेजारघर न सांगता पाडल्यासारखी.
मी जानेवारीत खिडकी उघडून उभी,
श्रीधर झोपेतच पांघरूण डोक्यावर ओढतो.
आत कसं वाटतं, त्याने अजून विचारलेलं नाही.
मीही ठरवलेलं नाही काय सांगायचं.
एकदा डिटर्जंटच्या जाहिरातीला रडले,
तेव्हा तो उशी घेऊन आला.
पोटाला लावू की डोक्याखाली देऊ, हे न कळून
तसाच धरून उभा.

रिकामं म्हणावं तर तेही नाही.
आतडी सरकतात, ती जागा घेतात,
असं सर्जनबाईंनी सांगितलं, सहज, हात धुताधुता.
मला हायसं वाटलं, का ते त्यांना सांगता येईना.
इंग्रजीत कसं सांगणार
की आमच्यात तुटायचं ते आतडं तुटतं;
माया ठेवायची जागा तीच.

नववा आठवडा. चढावरचं दुकान.
गल्ल्यावरचा पोरगा, एका कानात बाळी,
पिशवी हवी का, विचारतो.
मी इतका वेळ घेते की मागची म्हातारी खाकरते.
नको.
दूध, पाव, कोथिंबिरीची जुडी.
कोटाचीच ओटी करते, निघते,
वारा आहे, बटण लागत नाही.
कोपऱ्यावर जुडी पडते.
वाकून उचलते, माती झटकते,
चार पावलं जाते,
आणि मग लक्षात येतं,
अरे, वाकले की मी.