तुमचे किती?

फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात विचारलंय :
आशाताईस प्रोत्साहन दिले का? हो / नाही.
मी अजून काही लिहिलेलं नाही.

चांगुणा धोत्रे सतरा दिवस वस्तीत फिरली नव्हती.
औषधांची पेटी शिवणयंत्राखाली, तिच्यावर उसवलेले परकर.
रजिस्टर तिनं माझ्यापुढं धरलं
उसनी आणलेली परात धुऊन परत द्यावी तसं.

तिसऱ्या गल्लीतला शिवा.
तिनं मोजले तेव्हा श्वास अठ्ठेचाळीस होते.
आठ महिन्यांचं पोर, पन्नासच्या आत,
म्हणजे घरीच. अंगावर पाजत राहा, उद्या येते.
उद्या ती गेली
तर दारात चपला फार होत्या.

मी सांगणार होते की अठ्ठेचाळीस बरोबरच होते,
की रात्रीतून पालटतं कधी कधी,
की तुझ्यामुळं या तुर्भ्याच्या डोंगरकडेला किती पोरं
(आकडा पाठ करून आले होते)
तिनं चहा टाकला. साखर विसरली.
मी तसाच प्याले.

तेवढ्यात हणमव्वा आली, खदाणीतून तशीच,
भुवयांवर पांढरी भुकटी, कडेवर पोरगी.
"ताई, बघ की जरा, छाती कशी करतीया."
चांगुणानं माझ्याकडं पाहिलं.
मी कपाकडं.

मग तिनंच झबलं वर केलं.
रडं निवेपर्यंत थांबली.
टायमरची बॅटरी गेलेली, म्हणून मोबाईल;
तडकलेल्या काचेखाली सेकंद पळू लागले.
बत्तिसाव्या श्वासाला टँकरचा भोंगा,
पोरगी दचकली.
पुन्हा पहिल्यापासून.

मीही मोजत होते, ओठ मिटून.
वीतभर छाती. फासळ्यांखाली दर खेपेला
कुणी आतून चिमटीनं ओढल्यासारखा खळगा.

मिनिट संपलं. ती बोलेना.
मग वर न बघता : "तुमचे किती?"
"बासष्ट."
"माझे एकसष्ट."
तिनं पेटी ओढली. परकर खाली पडले,
पडू दिले.

गोळी चमच्यात विरघळली, पहिला डोस गेला.
चिठ्ठी वाशीची. हणमव्वा अडली :
मागं अख्खा दिवस गेला तिथं, रोज बुडाला,
आणि बोलतात कसं!
चांगुणा तोवर चप्पल शोधत होती.
"मी येते संगं. मला बोलू देत काय बोलायचं ते.
रिक्षाचं नंतर बघू."

रिक्षाचं नंतर कुणी बघत नाही.
दोन महिन्यांचं मानधनही वरच कुठंतरी अडकलंय.
मी शंभराची नोट पुढं केली,
तिनं घेतली, रजिस्टरच्या कव्हरात सरकवली
आणि तारखेपुढं माझं नाव लिहिलं : उसने.

रात्री साडेअकराला तिचा मेसेज :
ऑक्सिजन लावलाय. झोपली आता.
खाली थोड्या वेळानं दुसरा :
उद्या शिवाच्या आईकडं जायचं म्हणते.
याल का सिस्टर?