राजापुरीच्या भावात माल्टा

त्रिशला तिकडं गेल्यापासून
मी रुपयांत मोजायचं सोडलं.
रुपया हलतो, युरो हलतो, आताशा माझा हातही हलतो.
चौतीस वर्षं मार्केट यार्डात, एकोणीस नंबरच्या गाळ्यावर
खतावणी लिहिली; मला एकच तराजू कळतो :
राजापुरी, मध्यम, क्विंटलला पंधरा हजार.
युरो शंभराचा धरला. सुटं नको.

तर पगार आठ क्विंटल.
त्यातली तीन खोलीला. खोली तळघरात, तिघींत एक मोरी,
खिडकी फूटपाथच्या उंचीला,
चपला दिसतात, माणसं नाहीत.
मी म्हटलं, हरिपूरच्या पेवासारखी की गं.
ती म्हणाली, पेवात हळद तरी कोरडी राहते, अप्पा.

एका पावाला एक किलो हळद.
नळाचं पाणी खारट,
म्हणून बाटल्यांचा गठ्ठा, दोन किलोला.
केस कापायला दहा किलो;
तिनं वेणी वाढवली आहे कमरेपर्यंत
आणि तिची आई फोटो बघून खूश आहे.
एजंटाचे चाळीस क्विंटल वेगळ्या पानावर.
ते पान मी चिकटवून टाकलंय.

देश केवढा? या टोकापासून त्या टोकापर्यंत
सांगलीहून तासगाव.
माणसं आमच्या महापालिकेएवढी.
तेवढ्यात स्वतःचं सरकार, स्वतःची फौज,
विमानतळसुद्धा.
आमच्या कवलापूरच्या माळावर अजून शेरडं चरतात.
ऊस नाही. नदी नाही.
नदीच नाही म्हणजे पूर नाही, हे ऐकून
शेजारचा पायगोंडा म्हणाला,
"मग घरं महागच असणार."

त्रिशला कारमेना नावाच्या म्हातारीला न्हाऊ घालते,
तिच्या गोळ्या मोजते.
म्हातारी ब्याण्णवची, हिशेब जुन्या लिरांत.
लिरा बंद होऊन पोरंसोरं मोठी झाली,
ती अजून विचारते, या पावाचे लिरा किती?
उत्तर ऐकलं की कपाळाला हात लावते
आणि भिंतीकडं तोंड करून झोपते.
ही बाई मला ओळखीची वाटते.
भेटलो असतो तर
एकमेकांच्या चुका आम्ही बरोबर धरल्या असत्या.

तिथली घरं पिवळ्या दगडाची.
फोटोत अख्खं गाव हळद लावून बसल्यासारखं.

काल रात्री तिनं दुकानातली बाटली दाखवली.
हळद. पूड. शंभर ग्रॅम. दोन युरो.
मी चष्मा पुसला, परत विचारलं.
दोन.
म्हणजे किलोला वीस.

वहीचं कोरं पान काढलं
आणि सगळं फिरून मांडलं, तिकडच्या हळदीत.
पाव पंच्याहत्तर ग्रॅम.
भाडं साडेबावीस किलो.
पगार साठ.
साठ किलो म्हणजे एक पोतं.
आमचा दस्तगीर हमाल असलं पोतं पाठीवर घेऊन
तोंडातली विडी न विझवता
गाळ्याच्या पायऱ्या चढायचा.

रात्री एकपर्यंत मला कळेना कुठलं पारडं धरावं.
आठ क्विंटल मिळवणारी मुलगी,
एक पोतं मिळवणारी मुलगी,
दोघी माझ्याच, एकाच नावाच्या,
दोघी पहाटे सहाची बस धरतात.
बस फुकट आहे.
त्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं;
पूर्ण वहीत तेवढा एकच आकडा
दोन्ही पानांवर सारखा आला.

सकाळी तिचा फोन :
जयसिंगपूरची एक बाई इकडं यायला निघालीय, अप्पा,
तिच्याबरोबर किलोभर हळद पाठवा.
मी दोन किलो बांधली. दोऱ्याला दुहेरी गाठ मारली.
मग वही ओढली, तारीख घातली,
तिचं नाव लिहिलं
आणि अडलो.
नावे टाकायची ती कुठल्या भावानं?